पैसे स्पीकरला द्या, उरलेले खोलीला

पन्नास हजार रुपये ही मध्यमवर्गीय घरासाठी लहान रक्कम नाही. तेवढे पैसे बाजूला काढून कुणी घरात मनासारखे गाणे ऐकण्याची व्यवस्था करायला निघाले, की पहिल्या दिवसापासून चार शब्द कानावर पडू लागतात : डॅक (डिजिटल फाइलचा विजेचा संकेत करणारे उपकरण), ॲम्प्लिफायर, केबल आणि स्पीकर. वस्तू चार, म्हणून पैशांचेही साधारण चार सारखे वाटे करावेत असे नकळत वाटू लागते. विकणाराही बहुधा तसाच हिशेब मांडून देतो, कारण त्याच्यासाठी प्रत्येक खोके ही स्वतंत्र विक्री असते. ही वाटणी मुळातच चुकीची आहे असे माझे स्पष्ट मत आहे. हातात पैसे मोजकेच असतील तर निम्म्याहून अधिक रक्कम स्पीकरवर जावी, त्याखालोखाल खोलीवर, आणि उरेल त्यात बाकीची सगळी इलेक्ट्रॉनिक साधने बसवावीत. केबलसाठी काही राखून ठेवण्याची गरज नाही. हे कुणा एकाच्या आवडीनिवडीचे मत नव्हे. गेल्या काही दशकांतली मोजमापे आणि ऐकणाऱ्यांवर काळजीपूर्वक घेतलेल्या चाचण्या याच दिशेने बोट दाखवतात, आणि तरीही बाजारात उलटाच सल्ला चालतो, म्हणून हे सविस्तर मांडावेसे वाटते.

गाण्याच्या फाइलपासून आपल्या कानापर्यंतची बहुतेक वाट संकेत विजेच्या रूपातच चालतो. त्याचे रूप खऱ्या अर्थाने एकाच ठिकाणी बदलते : स्पीकरचा कोन पुढे-मागे हलतो, हवा ढकलतो आणि विजेचा आवाज होतो. वीज अचूक हाताळण्याची विद्या माणसाला चांगली साधली आहे. आजच्या एखाद्या साध्या पण नीट बनवलेल्या ॲम्प्लिफायरमध्ये २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत पातळी अर्ध्या डेसिबलनेही हलत नाही आणि डिस्टॉर्शन ०.१ टक्क्याच्याही खाली राहते. स्पीकरचे तसे नाही. कागदाचा किंवा प्लास्टिकचा कोन, रबराची कड, तांब्याची गुंडाळी आणि लोहचुंबक यांना वजन आहे, लवचिकपणा आहे, स्वतःची कंपने आहेत. म्हणून तीन डेसिबल वर-खाली एवढ्यात सगळे स्वर बसवणारा स्पीकर चांगला समजला जातो, आणि जोरात वाजवताना खालच्या स्वरांत एक-दोन टक्के डिस्टॉर्शन सहज होते. पुढे तोच स्पीकर चार भिंतींच्या आत ठेवला, की सुमारे दोनशे हर्ट्झच्या खाली दहा-दहा डेसिबलचे उंचवटे आणि खड्डे तयार होतात. जिथे चूक दशांशात आहे तिथे पैसे ओतायचे आणि जिथे ती दहापटींनी मोठी आहे तिथे हात आखडायचा, याला कोणत्याच हिशेबात जागा नाही.

ॲम्प्लिफायर बदलला की गाणे बदलते, असे ठामपणे सांगणारे पुष्कळ जण भेटतात आणि ते प्रामाणिकही असतात. पण याची परीक्षा झालेली आहे. १९८७ साली अमेरिकेतल्या ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ मासिकाने दोन-सव्वादोनशे डॉलरच्या रिसीव्हरपासून बारा हजार डॉलरच्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरपर्यंत सहा ॲम्प्लिफायर घेतले, सगळ्यांची पातळी अगदी सारखी केली आणि समोर काय वाजते आहे हे न सांगता २५ श्रोत्यांना ऐकवले. त्यांत फरक ऐकू येतो असे मानणारे होते आणि न मानणारेही होते. एकूण निकाल नाणे उडवून मिळाला असता तसाच लागला. मूळ फाइलच्या दर्जाबाबतही तेच. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटांचा, आणि त्यातून सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो. रात्री शांत म्हणाव्या अशा शहरी खोलीतही ३० डेसिबलचा गोंगाट असतोच. त्याच्यावर ९६ डेसिबल चढवले तर कान दुखतील एवढा आवाज होईल. म्हणजे सीडीचा संपूर्ण पल्ला वापरता येईल अशी खोली आपल्याकडे जवळपास कुणाचीच नाही. २००७ साली ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी उच्च दर्जाचे म्हणवले जाणारे ध्वनिमुद्रण आणि तेच सीडीच्या दर्जावर उतरवलेले रूप यांची तुलना ऐकवून प्रसिद्ध केली. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे जेमतेम निम्मी.

याच्या विरुद्ध बाजूचा पुरावाही आहे आणि तो दडवू नये. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातले जोशुआ रीस यांनी २०१६ मध्ये अशा १८ प्रयोगांतले साडेबारा हजारांहून जास्त प्रयत्न एकत्र करून तपासले. त्यांना बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के आढळले आणि हा आकडा निव्वळ योगायोगाचा नाही असे त्यांनी दाखवले. मला हा निष्कर्ष मान्य करायला काहीच अडचण नाही. पण पन्नासच्या जागी बावन्न इतका सूक्ष्म तो फरक आहे. ज्याच्याकडे पैसे मोजके आहेत त्याने त्या दोन टक्क्यांमागे धावायचे की आपल्या खोलीतला दहा डेसिबलचा उंचवटा आधी दूर करायचा, एवढाच प्रश्न आहे. ॲम्प्लिफायरच्या बाबतीतही खरे अपवाद आहेत. काही स्पीकरचा रोध आठ ओहम लिहिलेला असतो आणि काही स्वरांना तो तीन ओहमपर्यंत उतरतो. अशा वेळी दुबळा ॲम्प्लिफायर कोलमडतो. अगदीच स्वस्त पॉवर सप्लाय असेल तर गुणगुण ऐकू येते. घराचे अर्थिंग बिघडलेले असेल तर भारी ॲम्प्लिफायरही गुणगुणतो. त्यावर हजारो रुपयांचा पॉवर कंडिशनर घेण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग नीट करून घेणे शहाणपणाचे, आणि सुरक्षिततेसाठी तर आवश्यकच.

किती वॅट हवेत, याबद्दल आपल्या बाजारात जेवढी दिशाभूल झाली तेवढी क्वचितच कशाबद्दल झाली असेल. टेपरेकॉर्डरवर ‘पीएमपीओ’ म्हणून हजार-दोन हजार वॅटचे स्टिकर लावण्याचा काळ फार जुना नाही. त्या आकड्याला मोजण्याची कोणतीही ठरलेली पद्धत नव्हती. अमेरिकेत १९७४ सालीच संघीय व्यापार आयोगाने नियम करून कंपन्यांना सलग देता येणारी शक्तीच जाहीर करायला लावली. आपल्याकडे आजही साउंडबारच्या खोक्यावर तसलेच फुगवलेले आकडे दिसतात. खरी गरज काढणे अवघड नाही. ८६ डेसिबल सेन्सिटिव्हिटी असलेला साधा स्पीकर एक वॅट दिल्यावर एक मीटरवर ८६ डेसिबल आवाज देतो. आपण अडीच मीटरवर बसलो तर काही डेसिबल घटतात, पण दोन स्पीकर असल्यामुळे आणि भिंतींमुळे बरेचसे परत मिळतात. म्हणजे एका वॅटमध्ये ८४ डेसिबलच्या आसपास आवाज मिळतो, आणि घरातले बैठकीचे ऐकणे सरासरी ७०-७५ डेसिबलचे असते. तबल्याची एखादी जोरकस थाप, तिहाईची सम असे क्षण ९५ डेसिबलपर्यंत गेले तरी बारा-तेरा वॅट पुरतात. दर तीन डेसिबलला शक्ती दुप्पट लागते हे लक्षात घेऊन थोडी सवड ठेवली तरी तीस ते पन्नास खऱ्या वॅटच्या पुढे जाण्याचे कारण उरत नाही. ही शक्ती आज छोट्या ‘क्लास डी’ ॲम्प्लिफायरमध्ये अत्यंत कमी पैशांत मिळते.

केबलचा निकाल शाळेतल्या ओहमच्या नियमाने लागतो. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरमागे ०.०११५ ओहम. स्पीकर तीन मीटर दूर असेल तर जाऊन-येऊन सहा मीटर, म्हणजे सुमारे ०.०७ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरपुढे हे एक टक्कासुद्धा नाही. हार्डवेअरच्या दुकानातली चांगल्या कंपनीची घरगुती वायर पुरेशी आहे. याहून अधिक शब्द या विषयावर खर्च करू नयेत.

आता स्पीकर. इथे आपल्या मदतीला मोठे काम आधीच होऊन बसले आहे आणि त्याची आपल्याकडे पुरेशी ओळख नाही, याचे वाईट वाटते. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी पडद्याआड स्पीकर ठेवून श्रोत्यांकडून गुण घेतले आणि त्याच स्पीकरची चारी बाजूंनी मोजमापे केली. १९८५-८६ मध्ये त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले. नंतर ते हार्मन कंपनीत गेले आणि तिथे शॉन ऑलिव्ह यांच्याबरोबर हे काम पुढे चालू राहिले. १९९४ मध्ये या दोघांनी हार्मनच्याच ४० कर्मचाऱ्यांना तेच स्पीकर आधी न दाखवता आणि मग दाखवून ऐकवले. डोळ्यांना दिसू लागताच मोठ्या, देखण्या स्पीकरचे गुण वाढले आणि पडद्याआड चांगले गुण मिळवणाऱ्या छोट्या, स्वस्त संचाचे घसरले. पुढे २००४ मध्ये ऑलिव्ह यांनी ७० स्पीकरच्या मोजमापांवरून श्रोत्यांची पसंती आधीच सांगणारे सूत्र मांडले. अंदाज आणि प्रत्यक्ष पसंती यांचा सहसंबंध ०.८६ इतका घट्ट निघाला. लोकांना काय आवडते याचे उत्तरही स्वच्छ मिळाले : समोरून सपाट, आणि बाजूंना वळत जाताना हळूहळू, कुठेही धक्का न देता उतरत जाणारा आवाज. हीच मोजमापे पुढे ‘सीटीए-२०३४’ नावाच्या मानकात आली. आज कित्येक स्पीकरचे असे आलेख कुणालाही पाहायला मिळतात, आणि त्यांतले काही चांगले आलेख स्वस्त स्पीकरचे आहेत.

यावर लगेच येणारा आक्षेप असा की आवड ज्याची त्याची असते. कुणाला भरदार आवडते, कुणाला झगझगीत. हा आक्षेप मला गंभीर वाटतो, कारण संगीताच्या बाबतीत तो पूर्ण खरा आहे. किराणा की जयपूर, या प्रश्नाला मोजपट्टी नाही. पण स्पीकर काही गात नाही. गवयाने जे गायले ते जसेच्या तसे पोचवणे एवढेच त्याचे काम. २००३ मध्ये ऑलिव्ह यांनी २६८ श्रोत्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात प्रशिक्षित कानांचे होते, दुकानदार होते, समीक्षक आणि विद्यार्थीही होते. प्रशिक्षितांची उत्तरे अधिक नेमकी आणि सातत्याची निघाली, तरी स्पीकरचा पसंतिक्रम सगळ्यांचा जवळपास एकच होता. डोळ्यांआड आपण समजतो त्यापेक्षा फार कमी वेगळे आहोत, आणि हे नवख्या ग्राहकाला धीर देणारे आहे. तज्ज्ञाचा कान नसल्यामुळे आपण फसू, ही भीती निराधार आहे.

आपल्या संगीताची गरज पाहिली तर निवड आणखी सोपी होते. बाजारातले सारे आकर्षण आज खालच्या, छाती हलवणाऱ्या बेसभोवती फिरते. पण काळी एकला गाणाऱ्या गवयाचा मध्य षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास असतो आणि त्याच्या तानपुऱ्याच्या खर्जाची तार ६९ हर्ट्झला. गायिका काळी चारला गात असेल तर षड्ज २०८ आणि खर्ज १०४ हर्ट्झला. डग्ग्याचा घुमारही याच टापूत आहे. म्हणजे ६० हर्ट्झपर्यंत प्रामाणिकपणे उतरणारा छोटा स्पीकर ख्याल, नाट्यगीत, अभंग आणि भावगीत यांना पुरून उरतो. खरा मजकूर आहे तो मधल्या आणि वरच्या भागात. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिले, की शाईमुळे तबल्याच्या वरच्या स्वरांचे परस्परांशी सुरेल प्रमाण जमते; एरवी चामड्याच्या वाद्यात ते जमत नाही. तानपुऱ्याची जवारी म्हणजे तर वरच्या स्वरांचाच पुंज. साध्या दुहेरी स्पीकरमध्ये मोठ्या कोनाकडून छोट्या ट्वीटरकडे काम सोपवले जाते ते बहुधा दोन ते तीन हजार हर्ट्झच्या दरम्यान, आणि आपला कान सर्वाधिक तीक्ष्ण असतो तोही याच्या आसपासच. हा सांधा कच्चा असेल तर शब्दातला ‘स’ टोचतो, ‘ना’चा टणत्कार बदलतो आणि जवारी पत्र्यासारखी वाजते. बीबीसीने १९७० च्या दशकात बाहेरच्या ध्वनिमुद्रणाच्या गाडीत बसेल असा ‘एलएस ३/५ ए’ हा चिमुकला स्पीकर माणसाचा आवाज अचूक कळावा म्हणून घडवला. खोल बेस त्याला नव्हताच, आणि तरी गाणे ऐकणारे रसिक आजही त्याला मानतात ते या मधल्या भागाच्या सच्चेपणासाठी. छोटी पेटी, खोल बेस आणि थोड्या वॅटमध्ये मोठा आवाज, या तीन गोष्टी एकत्र मिळत नाहीत. हा भौतिकीचा नियम आहे. आपण खोल बेस सोडून द्यावा. भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या शेजाऱ्यांचेही त्यात हित आहे.

खोलीबद्दल बोलताना मात्र थांबून विचार करायला हवा, कारण इथे आपली घरे आपल्या विरोधात उभी असतात. व्हिट्रिफाइड फरशी, गुळगुळीत प्लास्टर, स्लायडिंगच्या काचा, आणि हौसेने मोकळ्या सोडलेल्या भिंती. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली घ्या. पृष्ठभाग सरासरी पाच टक्केच आवाज शोषत असतील तर एक ध्वनी पूर्ण विरायला दीड-पावणेदोन सेकंद लागतात. तेवढ्या वेळात द्रुत लयीतल्या तानेचे कितीतरी स्वर एकमेकांवर चढून बसतात. कितीही भारी ॲम्प्लिफायर ते सोडवू शकत नाही. १८९५ मध्ये हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात शब्द कळत नाहीत अशी तक्रार आली. तेव्हा वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाने शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, एकेक वाढवत आवाज विरायचा वेळ मोजला आणि त्यातून या शास्त्राचे मूळ सूत्र काढले. त्याच सूत्राने आपल्या खोलीत सहा चौरस मीटर जाड पडदा, गादी किंवा सतरंजीवर घडी घातलेल्या गोधड्या आणल्या तर घुमण्याचा वेळ निम्म्यावर येतो. घरात आधीच असलेल्या वस्तू हलवून साधणारा हा बदल कोणत्याही डॅकने होणाऱ्या बदलापेक्षा शतपटीने मोठा आहे.

खालच्या स्वरांना गादी पुरत नाही; तिथे जागा बदलणे हाच उपाय. बारा फुटांच्या लांबीत ४७ हर्ट्झला आणि दहा फुटांच्या रुंदीत ५६ हर्ट्झला लाट अडकून उभी राहते, आणि दोन्ही मिळून ७३ हर्ट्झला. गवयाच्या खर्जाच्या तारेला हे अगदी चिकटून आहे. उंचीही दहाच फूट असेल तर ५६ हर्ट्झचा उंचवटा दुहेरी होतो. पाठ भिंतीला टेकवून बसले की हे उंचवटे सर्वांत जास्त जाणवतात, आणि खोलीच्या बरोबर मध्यावर बसले की पहिल्या लाटेचा स्वर नाहीसाच होतो. भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे सरकून बसणे, स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढणे, ट्वीटर कानाच्या उंचीला आणणे यांना पैसे पडत नाहीत. स्पीकरमागची भिंत अर्धा मीटर दूर असेल तर १७० हर्ट्झच्या आसपास आवाज स्वतःलाच काटतो, आणि तो तर थेट गळ्याचा भाग. म्हणून एकेक वीत हलवून पाहावे. नंतरही एखादा उंचवटा उरला तर संगणकावर फुकट मिळणाऱ्या इक्वलायझरने तो कमी करावा. खड्डा मात्र इक्वलायझरने भरायला जाऊ नये. तिथे कितीही वॅट घातले तरी लाट स्वतःला काटतच राहते.

मग दुकानात जाऊन स्वतःच्या कानांनी ऐकून घ्यावे, या जुन्या सल्ल्याचे काय? तो सल्ला अर्धाच बरोबर आहे. दोन स्पीकरपैकी एक जरासा मोठ्याने, एखाद्या डेसिबलनेच का होईना, वाजत असेल तर तो अधिक ‘स्पष्ट’ आणि ‘जिवंत’ वाटतो, आणि पातळी मोठी आहे हे लक्षातही येत नाही. सेन्सिटिव्हिटी वेगवेगळी असल्यामुळे दुकानात हे हमखास घडते. शिवाय तिथली खोली आपली नसते. कानांवर भरवसा ठेवावा, पण पातळी सारखी करून, ओळखीच्या आवाजावर, आणि शक्य असेल तर घरीच. व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर आणि रेकॉर्डच्या तबकडीबद्दलही असेच म्हणता येईल. त्यांचा ऊबदारपणा अनेकांना ऐकू येतो, पण तो त्या साधनाने गाण्यात घातलेला रंग असतो. पूर्वजांनी जमवलेल्या तबकड्या घरात असतील तर त्या जरूर वाजवाव्यात. तो ठेवा आहे. पण कमी पैशांत निर्मळ आवाज हवा असणाऱ्याने नव्याने सुई, कार्ट्रिज आणि फोनो प्रीॲम्पच्या मार्गाला लागू नये, कारण तिथे पुन्हा एकदा रूप बदलणारा, हलणारा, झिजणारा भाग येतो, आणि असे भागच महाग पडतात.

याहून वजनदार आक्षेप हेडफोनचा आहे. पाच हजारांच्या हेडफोनमधून जो स्वच्छपणा मिळतो तो मिळवायला स्पीकरवर कितीतरी पट पैसे लागतात, कारण हेडफोन खोलीला वगळूनच टाकतो. हे मान्य करायला हवे, आणि एकट्याने रात्री ऐकणाऱ्याने तोच मार्ग धरला तर त्यात काही चूक नाही. तरी स्पीकरचे ऐकणे वेगळ्या कारणाने राखण्यासारखे आहे. आपल्या संगीताची वाढ बैठकीत झाली आहे. दोन माणसे एका वेळी एकच जागा ऐकतात आणि एकाच वेळी एकमेकांकडे पाहतात. घरातले मूल खेळता खेळता भूप ऐकत राहते. हेडफोनने हे होत नाही, आणि टीव्हीखालच्या अरुंद साउंडबारने गायक, तबला आणि पेटी यांच्या जागा वेगवेगळ्या दिसत नाहीत. जुनी ध्वनिमुद्रणे तर एकाच वाहिनीची आहेत, त्यांना एवढा खटाटोप कशाला, असेही विचारले जाते. नेमके अशाच ध्वनिमुद्रणांत जे काही उरले आहे ते सगळे मधल्या स्वरांत आहे, आणि मधला भाग बिघडवणारा स्पीकर त्यांच्यावर सर्वांत जास्त अन्याय करतो.

तेव्हा पन्नास हजारांचा हिशेब असा मांडता येईल. अठ्ठावीस-तीस हजार स्पीकरच्या जोडीला. आठ-दहा हजार मजबूत स्टँड, जाड पडदे आणि सतरंजीला. दहाच्या आसपास ॲम्प्लिफायरला. उरेल त्यात एखादे छोटे डॅक. बाकीचे काम हातातला फोन किंवा जुना संगणक करतो. स्टुडिओत वापरतात तसे ॲम्प्लिफायर आतच बसवलेले ॲक्टिव्ह मॉनिटर घेतले तर दहा हजार वाचून स्पीकरकडे वळतात, आणि माझ्या मते आज कमी पैशांत हाच सर्वांत चांगला सौदा आहे. जुने घेण्यातही कमीपणा नाही, पण मुंबई, कोकण किंवा गोव्याच्या दमट हवेत कोनाभोवतीची फोमची कड काही वर्षांत भुसभुशीत होऊन गळून पडते. म्हणून रबराची कड असलेलेच घ्यावेत. जुन्या ॲम्प्लिफायरमधले कपॅसिटर सुकलेले असतात, तेही तपासून घ्यावे.

दुकानदारांकडे दोन गोष्टी मागण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे : स्पीकरच्या मोजमापाचा आलेख, आणि घरी आठवडाभर लावून पाहून न पटल्यास परत देण्याची लेखी सोय. खरेदीला निघण्याआधी खोलीची लांबी, रुंदी, उंची आणि बसायची जागा कागदावर काढून बरोबर न्या. आलेख नसेल तर निदान परतीची सोय मागा. दोन्हींना नकार मिळाला तर तिथे पैसे देऊ नका.